गप्पांची जागा कोणाची?

मराठी माणूस लखनौस आला म्हणजे त्याची पावले बहुधा प्रथम कैसरबागेकडे वळतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने १९२६ साली जे संगीत महाविद्यालय उभे राहिले, ते तेथे आहे. आज त्याला विद्यापीठाचा दर्जा असून भातखंड्यांचेच नाव आहे. तेथून हजरतगंज काही फार दूर नाही, आणि हजरतगंजात जहांगीराबादच्या राजांच्या जुन्या इमारतीत एक कॉफी हाउस आहे. संगणकाच्या जाळ्यावर लोक जेथे एकमेकांशी बोलतात त्या जागा कोणाच्या असाव्यात, हा आजच्या भाषणाचा विषय. तरीही प्रारंभ मी या कॉफी हाउसपासून करतो. ज्या प्रश्नाने आज जगभरच्या जाणत्यांना ग्रासले आहे, तो या एका खोलीपुरता साठ-सत्तर वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि त्याला एक उत्तरही मिळाले होते.

या कॉफी हाउसात हिंदी साहित्यातील तीन थोर कादंबरीकारांची, यशपाल, भगवतीचरण वर्मा आणि अमृतलाल नागर यांची, बैठक असे. उर्दू कवी मजाज येत. फिरोज गांधी, राममनोहर लोहिया, पुढे पंतप्रधान झालेले चंद्रशेखर, असे राजकारणातले लोकही येत. यांपैकी नागर आपल्याला विशेष जवळचे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ त्यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेला. सत्तावन्नच्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या एका गरीब मराठी भिक्षुकाची हकीकत हिंदी वाचकांच्या घरी गेली ती लखनौच्या या लेखकाच्या हातून. असो. एका टेबलाशी कादंबरीकार, दुसऱ्याशी वकील, तिसऱ्याशी वर्ग चुकवून आलेले विद्यार्थी. आणि एका टेबलावरचा वाद रंगला की शेजारच्या टेबलावरच्याने खुर्ची वळवून त्यात पडावे, अशी तेथली रीत.

आता ही जागा कोणाची होती? भारतीय कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी कॉफी समितीने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे मोठमोठ्या शहरांतून त्याच्या शाखा निघाल्या. १९५०नंतरच्या दशकाच्या मध्यावर कॉफी बोर्डाला वाटू लागले की हा व्यवहार आता पुरे झाला. शाखा बंद करायच्या आणि नोकरांना निरोप द्यायचा, असे ठरले. गिऱ्हाइकांना कोणी विचारले नाही, वाढप्यांना तर नाहीच. त्या वेळी कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी या कामगारांना असे सांगितले की, कामावरून काढणारे काढोत, तुम्हीच सहकारी सोसायट्या काढा आणि कॉफी हाउसे चालवा. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगलोरला अशी पहिली सोसायटी स्थापन झाली. २७ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीत कामगारांचे पहिले इंडियन कॉफी हाउस उघडले. लखनौचे कॉफी हाउसही या सहकारी कामगारांच्या हाती आले.

कॉफी पिणाराला यात काय फरक दिसला असेल? पेला तोच, वाढपी तोच, त्याचा तुऱ्याचा फेटाही तोच. तरी एक मोठी गोष्ट बदलली होती. ही खोली चालू ठेवायची की मिटवायची, हे ठरविण्याचा अधिकार दूरच्या कचेरीतून निघून खोलीत वावरणाऱ्या माणसांकडे आला होता. याने सुबत्ता आली असे मात्र कोणी समजू नये. लखनौचे कॉफी हाउस मधल्या काळात बंद पडले आणि पुन्हा उघडले. जुन्या वैभवाच्या मानाने आज त्याची कळा उतरलीच आहे. परंतु ते आहे.

या खोलीत काय घडत असे, हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. काय घडत नसे, इकडे मला लक्ष वेधायचे आहे. यशपाल कोणत्या विषयावर किती वेळ बोलले, मजाज कोणत्या वाक्याला हसले, याची नोंद ठेवून ती जोडे विकणाऱ्या दुकानदारास विकावी, असा उद्योग तेथे कोणी करीत नव्हते. ज्या टेबलावर हातघाईचे भांडण जुंपले असेल ते टेबल मुद्दाम उचलून मधोमध मांडावे, म्हणजे गलक्याने रस्त्यावरची माणसे आत येतील, असेही कोणाला सुचले नव्हते. आजची प्रचंड समाजमाध्यमे नेमके हेच करतात. त्यांत कोणा एका माणसाची दुष्ट बुद्धी आहे असे नव्हे. बोलणाराकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि जाहिरातदाराकडून घ्यायचे, असे एकदा ठरले की माणूस जितका वेळ पडद्यापुढे खिळून राहील तितकी प्राप्ती अधिक, हे गणित ओघानेच येते. राग आणि भय माणसाला खिळवून ठेवतात. मग कोणाचे बोलणे आपल्यासमोर आधी यावे हे ठरविणारे यंत्र हळूहळू रागाला आणि भयाला वर चढवू लागते.

दुसरे संकट याहून साधे आहे. मला तर ते अधिक दुःखाचे वाटते. मालकाचा विचार बदलला की जागाच नाहीशी होते. गूगल कंपनीने जानेवारी २००४मध्ये ऑर्कुट नावाचे स्थान सुरू केले. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ते अफाट लोकप्रिय झाले. गावांची, महाविद्यालयांची, आडनावांची, नाटकवेड्यांची, गडकोट चढणाऱ्यांची मराठी मंडळे तेथे जमली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ते बंद केले. सार्वजनिक मंडळांतील लिखाणाचा संग्रह काही वर्षे पाहावयास ठेवला होता, नंतर तोही मिटला. एका पिढीने आपल्या तारुण्यातील दहा वर्षांच्या गप्पा ज्या ओट्यावर मारल्या, तो ओटा आज पाहायलाही उरलेला नाही. पत्रे जाळली तर निदान राख राहते.

यावर कोणी म्हणेल की ही परदेशी कंपन्यांची करणी. स्वदेशी जागा असती तर असे झाले नसते. त्याचेही उत्तर अनुभवाने दिले आहे. बंगलोरच्या एका कंपनीने २०२० साली कू नावाचे स्थान काढले. भारतीय भाषांतून, त्यांत मराठीतूनही, तेथे लिहिता येई. मंत्री आणि सरकारी खाती तेथे दाखल झाली. जुलै २०२४मध्ये ते बंद करण्यात आले. भांडवल आटले आणि विक्रीची बोलणी फिसकटली की धंदा गुंडाळणे हे व्यापाऱ्याला क्रमप्राप्तच असते, मग तो कोठलाही असो. प्रश्न देशाचा नाही, जागेवर हक्क कोणाचा याचा आहे.

मराठी माणसाच्या बाबतीत या कथेला एक आरंभ आहे, तो सहसा सांगितला जात नाही. फेसबुक निघाले २००४ साली. त्याच्या आठ वर्षे आधी, १९९६मध्ये, अमेरिकेतील मराठी मंडळींच्या पुढाकाराने ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले होते. त्या वेळी देवनागरी अक्षर संगणकाच्या पडद्यावर उमटविणे हीच एक तपश्चर्या होती. एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येईलच याची खात्री नसे. अशा काळात घर सोडून दूर गेलेली माणसे तेथे जमली आणि हळूहळू तेथे एक गावच वसले. गणपतीत तेथे गणेशोत्सव होतो. दर वर्षी सभासदांतूनच स्वयंसेवक पुढे येतात, संयोजक मंडळ बनते, स्पर्धा ठरतात, प्रसादाच्या पाककृती येतात, लेख येतात. मंडप नाही, मांडव नाही, पण वर्गणीऐवजी वेळ देणारे कार्यकर्ते खरे. दिवाळी अंकही याच रीतीने निघत असे. संपादक स्वयंसेवक, मुद्रितशोधक स्वयंसेवक, लेखक तर स्वयंसेवक असतातच!

पुढे २००४मध्ये ‘मनोगत’ आले. त्याने मराठी शुद्धलेखन तपासून देणारी सोय निर्माण केली, तिला ‘शुद्धिचिकित्सक’ असे मोठे गोड नाव दिले. २००७मध्ये ‘मिसळपाव’ आणि २०११मध्ये ‘ऐसी अक्षरे’ ही स्थळे निघाली. यांतील प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एकीकडे शुद्धलेखनाचा आग्रह, दुसरीकडे झणझणीत थट्टा, तिसरीकडे वादविवादाची हौस. पुण्यात जशी प्रत्येक पेठेची बोलण्याची तऱ्हा वेगळी, तसाच हा प्रकार. मोठ्या कंपनीच्या जागेत हे वेगळेपण उरत नाही. तेथे टिंबक्टू आणि टेंभुर्णी यांना एकच साचा.

हे गाव ओस कसे पडू लागले, हेही सांगितले पाहिजे. खिशातल्या फोनवर फेसबुक आणि व्हॉट्सॲप आले. तेथे छायाचित्र चढविणे सोपे, आणि मुख्य म्हणजे मावशी, मेहुणा, शाळूसोबती सगळे तेथेच. ज्या जत्रेत आपले सगळे नातलग आहेत ती सोडून माणूस एकटा पारावर जाऊन बसत नाही. शिवाय खरे बोलायचे तर ही मराठी स्थळेही सहकारी संस्था नव्हेत. कोणी एकाने किंवा थोड्या मित्रांनी पदरमोड करून, रात्री जागून ती चालविली. त्यांच्या चांगुलपणावर सारे अवलंबून. सभासदांनी उत्सव साजरे केले, पण भाड्याचे बिल पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला असेल. ज्या दिवशी संस्थापक थकेल, त्या दिवशी काय करायचे, याची तरतूद अशा ठिकाणी सहसा नसते.

येथे तंत्राकडे थोडे वळू. पूर्वी अशी अडचण होती की आपले स्वतंत्र छोटे स्थान काढले तर आपण जगापासून तुटतो, आणि जगाशी जोडून राहायचे तर मोठ्या कंपनीच्या वाड्यात भाडेकरू व्हावे लागते. टपालाचे तसे नाही. माझे पोस्ट ऑफिस हजरतगंजचे, आपले सदाशिव पेठेचे. तरी पत्र पोचते, कारण टपालाचे नियम एकच आहेत. ई-मेलही असेच आहे. रेडिफचा पत्ता असलेला माणूस जीमेलच्या पत्त्यावर पत्र धाडू शकतो, त्यासाठी दोघांनी एकाच कंपनीचे असावे लागत नाही. समाजमाध्यमांसाठीही असा एक सामाईक नियम बनविला गेला. त्याचे नाव ॲक्टिव्हिटीपब. जागतिक जाळ्याचे नियम ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये त्याला आपली शिफारस दिली. हा नियम पाळणारी हजारो छोटीमोठी ठिकाणे आज आहेत, आणि त्यांच्या समूहाला फेडिव्हर्स म्हणतात. त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे ती मॅस्टोडॉन ही प्रणाली. ऑयगेन रोख्को या जर्मनीत राहणाऱ्या तरुणाने ती २०१६मध्ये लोकांपुढे ठेवली. तिची घडण खुली आहे. कोणत्याही मंडळाने ती उतरवून घ्यावी, आपल्या संगणकावर बसवावी आणि आपले घर थाटावे. लखनौच्या घरातला माणूस नागपूरच्या किंवा न्यू जर्सीच्या घरातल्या माणसाचे बोलणे ऐकू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो. घराचे नियम मात्र घरच्यांनी ठरवायचे. घरच्यांना शेजारचे एखादे घर फारच शिवराळ वाटले, तर ते त्या दिशेचे दार लावूनही घेऊ शकतात.

भारतात या प्रणालीचे नाव एकदम सर्वतोमुखी झाले ते नोव्हेंबर २०१९मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते कंपनीने बंद केले. कारण झाले ते एका जुन्या छायाचित्राचे. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत शेकडो हात नाझी सलामीसाठी वर गेलेले असताना एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, ते हे चित्र. ज्याने हुकूमशाहीला नकार दिला त्याचे चित्र द्वेषप्रसारक ठरावे, हा यांत्रिक न्यायाचा नमुनाच म्हटला पाहिजे. पुष्कळ भारतीयांनी त्या संतापात मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलविले. पण बहुतेकांचे पाय काही आठवड्यांत परत फिरले. का? एक कारण वर सांगितलेच, नातलगांचे. दुसरे अधिक बोधक आहे. यांतील पुष्कळ जण जर्मनीतून चालणाऱ्या एकाच मोठ्या घरात जाऊन राहिले. आपले घर बांधायचे, त्याचे भाडे काढायचे, नियम लिहायचे, या कामाला फारच थोड्यांनी हात घातला. म्हणजे एका परक्या वाड्यातून दुसऱ्या परक्या वाड्यात जाणे एवढेच झाले. दुसरा वाडा भला होता, इतकेच. इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले तेव्हा, म्हणजे २०२२मध्ये, जगभरातून असाच एक लोंढा पुन्हा आला. ती खरेदी पुरी झाली २७ ऑक्टोबरला. दिल्लीचे कॉफी हाउस कामगारांनी उघडले त्याला त्याच दिवशी पासष्ट वर्षे होत होती. योगायोगाला अर्थ नसतो, पण तो नोंदविल्यावाचून राहवत नाही.

सभासदांनीच जागा विकत घेतली, असे जाळ्यावर कोठे घडले आहे काय? घडले आहे. अमेरिकेत १९८५ साली ‘द वेल’ नावाची एक चर्चामंडळी निघाली. या क्षेत्रातील ती फार जुनी संस्था. १९९९मध्ये ती एका प्रकाशन कंपनीच्या हाती गेली. कंपनीला ती जड झाली तेव्हा २०१२मध्ये सभासदांच्याच एका गटाने पैसे उभे करून ती विकत घेतली. ‘सोशल डॉट कोऑप’ हे मॅस्टोडॉनचे एक घर तर सहकारी तत्त्वावरच उभारलेले आहे. सभासद आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देतात आणि नियमांवर, खर्चावर चर्चा करून मत देतात. इतकेच काय, जानेवारी २०२५मध्ये मॅस्टोडॉनच्या चालकांनीही जाहीर केले की या प्रणालीची मालकी एका व्यक्तीकडे न राहता ना-नफा संस्थेकडे जावी.

सहकार हा शब्द मराठी श्रोत्यांना नवा नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला तो याच विश्वासावर, की ऊस पिकविणाराच कारखान्याचा धनी होऊ शकतो. पण सहकाराचे पुढे काय काय होते, तेही आपण पाहिले आहे. सभासद सभेला यायचे थांबले की संस्था एका घराण्याची होते. जाळ्यावरच्या छोट्या घरांनाही ही भीती आहेच. तेथे व्यवस्थापकाच्या हाती किल्ल्या असतात. तो कोणाचेही बोलणे पुसू शकतो, आणि छोट्या घरातली मनमानी मोठ्या कंपनीच्या मनमानीहून अधिक झोंबते, कारण ती ओळखीच्या माणसाने केलेली असते.

आणि मग झाडलोट. कॉफी हाउसात कोणी टेबलावर चढून शिव्या देऊ लागला तर वाढपी त्याला हाताला धरून बाहेर काढी. जाळ्यावर हे काम अहोरात्र करावे लागते. परदेशातील कचेरीत बसलेल्या तपासनिसाला मराठीतील जातिवाचक कुत्सित शब्द कळत नाही. उलट निर्मळ थट्टेत त्याला शिवी दिसते. हे काम ती भाषा जगलेल्या माणसानेच करायला हवे, आणि ते अत्यंत उबग आणणारे काम आहे. दिवसभर नोकरी करून रात्री परक्या माणसांची भांडणे सोडविणारा स्वयंसेवक किती वर्षे टिकेल? त्यात कायद्याची जबाबदारी आहे. भारत सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे अशी जागा चालविणाऱ्याने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव प्रसिद्ध करावे लागते, आणि तक्रारींची पोच व निकाल ठराविक मुदतीत द्यावा लागतो. पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले सभासद असले तर आणखी कडक बंधने येतात खरी. पण शंभर माणसांचे मंडळही या मूळ कर्तव्यातून सुटत नाही. कंपनीजवळ त्यासाठी वकिलांची फौज असते. मंडळाजवळ फार तर एखादा निवृत्त वकील सभासद असतो.

म्हणून मला असे वाटते की अशा जागा काढायच्या तर त्या एकट्यादुकट्या हौशी तरुणाने न काढता, ज्या संस्थांना वर्गणी गोळा करण्याची, सभा भरविण्याची आणि हिशेब मांडण्याची सवय आधीपासून आहे, त्यांनी काढाव्यात. महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी वस्ती आहे तेथे तेथे बहुधा एखादे महाराष्ट्र मंडळ असते. गावोगावी सार्वजनिक वाचनालये आहेत. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८पासून चालू आहे. गूगलच्या आयुष्याशी, फेसबुकच्या आयुष्याशी या १८४८चा पडताळा घेऊन पाहावा. महिना दोन महिना वर्गणी थकली म्हणून वाचनालय पुस्तकांसह अदृश्य होत नाही. अशा संस्थेने आपल्या सभासदांसाठी एक घर थाटले, तर संगणकाचे भाडे काही शेकडा घरांत वाटले जाईल, झाडलोटीच्या पाळ्या लावता येतील, आणि व्यवस्थापक बदलायचा झाला तर वार्षिक सभा आहेच.

तंत्राची एक उणीव मात्र अजून भरून निघालेली नाही. मॅस्टोडॉनचे एक घर सोडून दुसऱ्यात राहायला जायचे झाले, तर आपले बोलणे ऐकणारे लोक नव्या पत्त्यावर आपल्याबरोबर आणता येतात. ही मोठीच सोय आहे, कंपनीच्या वाड्यात ती नसते. पण आजवर जे लिहिले ते जुन्या घरातच राहते. त्याची प्रत आपल्याजवळ उतरवून ठेवता येते, नव्या घराच्या भिंतीवर ते पुन्हा लागत नाही. ज्यांनी ऑर्कुट मिटताना पाहिले आहे, त्यांनी ही प्रत वरचेवर उतरवून घेत जावी. तिला फार वेळ लागत नाही.